चमचा नेमका कुठला?

माझा धाकटा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. श्रावणातला पाऊस कोसळत होता. तेरेखोल नदीचे पाणी बांद्याच्या बाजारात शिरले, की आमच्याकडची निम्मी दुकाने मिटतात आणि माणसे आपापल्या घरात अडकून पडतात. अशाच एका संध्याकाळी मुलाला जुलाब सुरू झाले. घरात जलसंजीवनीचे पाकीट नव्हते आणि बाहेर जायला रस्ता नव्हता. कुठेतरी लिहून ठेवलेले मला आठवले : एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मी घाईघाईने उकळून गार केलेले पाणी तांब्यात घेतले, मिठाच्या बरणीतच असलेल्या चमच्याने मीठ घातले, साखर घातली आणि ढवळायला लागले.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी एवढेच विचारले, "अगो, चमचो खयचो घेतलंस?"

मी थबकले. मिठाच्या बरणीत होता तो पोह्याचा चमचा. शिवाय 'अर्धा' म्हणून मी जे घेतले होते, त्याला चांगली शीग होती. तांब्याही लिटरचा नव्हता, जेमतेम पाऊण लिटरचा होता. आम्ही दोघींनी ते पाणी बोट बुडवून चाखले. डोळ्यांतले पाणी ओठावर आले तर जेवढे खारट लागते, त्याहून ते पुष्कळच खारट होते. सासूबाईंनी ते ओतून दिले आणि आम्ही चहाच्या चमच्याने, सपाट मोजून, पुन्हा केले. सकाळी पाणी उतरल्यावर आरोग्यसेविका पाकिटे घेऊन आली. मुलगा बरा झाला. पण नंतर मी सहज हिशेब मांडून पाहिला, तेव्हा कळले की पहिल्या खेपेला मीठ हवे होते त्याच्या तिप्पट तरी पडले होते. जुलाबाने आधीच कोरड्या पडलेल्या बाळाच्या पोटात इतके मीठ गेले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

तेव्हापासून 'एक चमचा' हे शब्द वाचले की माझ्या मनात सासूबाईंचा तोच प्रश्न उभा राहतो. आज आपण बोलणार आहोत ते याच विषयावर. ग्रॅमचे चमचे कसे करायचे आणि ते करताना आपण कुठे फसतो, ते पाहू.

ग्रॅम आणि मिलिलिटर ही जुळी भावंडे नव्हेत

पहिला घोटाळा होतो तो पाण्यामुळे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम भरते, हे आपण शाळेत शिकलो. छोटा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, हेही आपल्याला ठाऊक असते. मग आपण दोन्ही जोडतो आणि ठरवून टाकतो की एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम. पाण्यापुरते ते खरे आहे, इतर जिनसांना ते लागू पडत नाही.

चमचा मोजतो जागा आणि तराजू मोजतो वजन. एकाच जागेत लोखंड जास्त वजनाचे मावते आणि कापूस कमी, एवढे आपल्याला कळते. पण हाच नियम डब्यातल्या जिरे-मोहरीलाही लागू आहे, हे आपण विसरतो. मोहरीचे दाणे बारीक आणि गोल असतात, ते एकमेकांना खेटून बसतात. म्हणून सपाट छोट्या चमच्यात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास मोहरी मावते. धण्याचा दाणा मोठा, आतून पोकळ आणि हलका. त्याच चमच्यात धणे पावणेदोन ग्रॅमच मावतात. मेथी घट्ट आणि जड, ती पावणेचार ग्रॅमच्या जवळ जाते. म्हणजे धणे आणि मेथी यांचे चमचे सारखे घेतले, तर वजनात एकाच्या दुप्पट दुसरे पडते.

आमच्याकडच्या वड्यांचेच घ्या. कोंबडीबरोबर खायच्या वड्यांच्या पिठात तांदूळ, उडदाची डाळ, थोडे धणे आणि थोडी मेथी असते. समजा, कागदावर 'मेथी १० ग्रॅम, धणे १० ग्रॅम' असे लिहिले आहे. धण्याचे होतात साडेपाच चमचे. मेथीचे मात्र पावणेतीनच. दोन्ही दहा-दहा ग्रॅम आहेत म्हणून कोणी साडेपाच चमचे मेथी घातली, तर पाहुण्यांसमोर कडू वडे येणार आणि दोष मात्र मेथीला दिला जाणार.

मिठाचा प्रकार आणखी निराळा. बारीक दळलेले पिशवीतले मीठ सपाट चमच्यात सहा ग्रॅम भरते. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये फटी राहतात, त्यामुळे तेच मीठ चमच्यात कमी वजनाचे मावते. आमच्या शेजारच्या वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला मिठागरे आहेत, १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. या भागातल्या जुन्या बायकांचा हात जाड्या मिठावर बसलेला. त्यांनी सांगितलेले 'दोन चमचे मीठ' आपण बारीक मिठाने मोजले, की पदार्थ खारट होतो. लोणच्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

शीग आणि सपाट

दुसरा घोटाळा शिगेचा. आपल्या भाषेत 'शिगोशीग भरणे' म्हणजे समृद्धीचे लक्षण. भात मापताना शीग लावायची की वरून काठी फिरवून माप सपाट करायचे, यावरून पूर्वी धान्याच्या ढिगापाशी भांडणे होत. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही सारी मापे जागेची. म्हणून शिगेला फार महत्त्व होते.

चमच्यालाही शीग असते, आणि तेलाच्या चमच्याला ती लावता येत नाही म्हणून आपण ती विसरतो. तिखट, हळद, पीठ, सोडा अशा भुकटीच्या पदार्थांत शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट, कधी दुप्पट भरतो. अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला आणि तिथल्या स्वयंपाकघरांत तो रुजला. करायचे एवढेच : चमचा भरून घ्यायचा, सुरीची पाठ त्याच्या कडेवरून सरळ फिरवायची आणि वरचे परत डब्यात पाडायचे. दाबायचे नाही, आपटायचे नाही. पीठ असेल तर आधी चाळून किंवा हलवून मोकळे करायचे. चाळलेले गव्हाचे पीठ २४० मिलिलिटरच्या कपात १२० ग्रॅमच्या आसपास बसते. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून दाबून भरला, तर १५० ग्रॅमवर जायला वेळ लागत नाही. केक दगडासारखा झाला की आपण ओव्हनला बोल लावतो.

चमचे तरी किती जातींचे

तिसरा घोटाळा सासूबाईंच्या प्रश्नातला. चमचा खयचो? पुस्तकातला छोटा चमचा पाच मिलिलिटरचा आणि मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, पंधरा मिलिलिटरचा. तीन छोटे म्हणजे एक मोठा आणि सोळा मोठे म्हणजे एक कप. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पुस्तकात मोठा चमचा वीस मिलिलिटरचा असतो. तिकडे राहणाऱ्या लेकी-सुनांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या घरातले चमचे मात्र कुठल्याच पुस्तकाला विचारून केलेले नसतात. मी एकदा माझ्या घरातले चमचे मोजले. लग्नात मिळालेल्या संचातला चहाचा चमचा साडेचार मिलिलिटरचा निघाला. आठवडा बाजारात घेतलेला दुसरा साडेतीनचा. पोह्याचा चमचा दहाच्या जवळ. आणि ज्याला मी इतकी वर्षे 'मोठा चमचा' म्हणत होते, तो बाराचा. करवंटीची डवली आणि पळी यांची तर गोष्टच सोडा.

चमचा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. औषधाच्या दुकानात पाच किंवा दहा मिलिलिटरची सुई नसलेली पिचकारी मिळते, नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा केलेले झाकण असते. चमचा काठोकाठ पाण्याने भरा आणि ते पाणी झाकणात ओता. एकदा मोजून समाधान मानू नका. पाच चमचे ओतून एकूण पाण्याला पाचाने भागा, म्हणजे चूक कमी होते. जो चमचा पाचाच्या सर्वांत जवळ येईल, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधा आणि तो मापाचा म्हणून वेगळा ठेवा. त्याने चहा ढवळायचा नाही!

घरात तराजू नसतानाही प्रत्येक जिनसाचे वजन काढता येते. बाजारातून जिऱ्याचे शंभर ग्रॅमचे पाकीट आणा. ताटात ओतून मापाच्या चमच्याने सपाट मोजत डब्यात भरा. समजा, अठ्ठेचाळीस चमचे झाले. शंभराला अठ्ठेचाळीसने भागले की एका चमच्यात दोन ग्रॅमच्या थोडे वर. हा आकडा डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पाकिटावरचे वजन हाच आपला तराजू. हळद, तिखट, खसखस, सगळ्यांचे असे एकेकदा करून ठेवले, की जन्माचे काम होते.

तोळ्यातले प्रमाण आणि ग्रॅमातली मिरची

आता थोडे मागे जाऊ. वजने दशमान झाली ती स्वातंत्र्यानंतर. त्यासाठी १९५६ साली कायदा झाला, १९५७ साली नवा पैसा आला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात उतरले. पण घरच्या वह्या काही कायद्याने बदलत नाहीत. माझ्या सासूबाईंच्या तोंडी मसाल्याचे प्रमाण होते ते तोळ्यात आणि शेरात.

इथे एक खड्डा आहे. आज सोनाराकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे सर्रास धरतात. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅमचा आणि नवटाक सुमारे ११७ ग्रॅमचे. सगळेच जिन्नस तोळ्यात असतील, तर तोळा कितीचा धरला याने बिघडत नाही, कारण एकमेकांशी प्रमाण तेच राहते. गडबड होते ती अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे घेतल्यावर. मिरची ग्रॅममध्ये आणि बाकी मसाला 'दहा ग्रॅमच्या' तोळ्यात घेतला, की मसाल्याचा सातवा हिस्सा गायब होतो. मग 'आईच्या हातची चव येत नाही' असे आपण म्हणतो.

वाटी-चमच्याच्या मापाची खरी ताकद याच प्रमाणात आहे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्यात प्रमाण देऊन नव्या संसाराला लागलेल्या कितीतरी मुलींना धीर दिला. एक वाटी रवा आणि अडीच वाट्या पाणी म्हटले, की वाटी तुमची मोठी असो वा लहान, उपमा जमतो. अट एकच : पहिल्यापासून शेवटपर्यंत वाटी तीच हवी.

गेल्या वैशाखात पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, तुझं किलोभर मिरचीचं प्रमाण मला नको. फ्लॅटमध्ये दोघंच आहोत. शंभर ग्रॅमचं सांग, आणि चमच्यात सांग." आमच्याकडे मालवणी मसाला पावसाआधी वर्षाचा एकदम होतो. मिरच्या उन्हात कडक वाळवायच्या, जिन्नस एकेक भाजायचे आणि डंखावर कांडून आणायचे. त्यातले शंभर ग्रॅमचे प्रमाण काढायला मी कागद घेऊन बसले.

आमच्या घरात किलोभर मिरचीला अर्धा किलो धणे लागतात. म्हणजे शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम. मोठ्या चमच्यात धणे पाच ग्रॅमच्या थोडे वर बसतात, म्हणून दहा मोठे चमचे. जिरे आणि बडीशेप किलोला पन्नास-पन्नास ग्रॅम, म्हणजे इथे पाच-पाच ग्रॅम. दोन्हींचे अडीच-अडीच छोटे चमचे. अख्खी मिरी पाच ग्रॅम, तिचे पावणेदोन चमचे. मोहरी पाच ग्रॅम, दीड चमचा. खसखस दहा ग्रॅम, साडेतीन चमचे. हळकुंडाऐवजी हळद घेतली, तर पाच ग्रॅमला दीड चमच्याच्या किंचित वर. किलोला एक जायफळ, म्हणून इथे किसून पाव चमचा. लवंग, दालचिनी, दगडफूल, चक्रीफूल हे चमच्यात मावणारे नव्हेत. दालचिनीचे तुकडे चमच्यात कसेही आडवे-तिडवे पडतात. ते मी पुडीत वजनाने बांधून त्यांची संख्या मोजली आणि लेकीला नगावर सांगितले.

एक गोष्ट मात्र तिला बजावून सांगितली. हे चमचे अख्ख्या जिनसांचे आहेत. जिरे आधी दळले, धणे आधी कुटले, की चमच्यातले वजन बदलते. 'धणे दहा चमचे' आणि 'धण्याची पूड दहा चमचे' ही दोन वेगळी प्रमाणे आहेत.

सासूबाई कधीच मोजत नसत. मूठ, चिमूट, ओंजळ हीच त्यांची मापे. मीठ हाताला कळते, असे त्या म्हणत आणि ते खरेच होते. पण शेवटच्या वर्षी त्यांनीच मला वही घेऊन शेजारी बसवले. त्या मुठीने घालत होत्या आणि मी प्रत्येक मूठ पोस्टाच्या वजनकाट्यासारख्या लहान काट्यावर तोलून लिहीत होते. हसून म्हणाल्या, "हात माझ्याबरोबर जातलो, कागद रवतलो." आज लेकीच्या घरात जो मसाला आहे, तो त्या कागदामुळे.

जिथे चूक चालत नाही

मसाल्यात अर्धा चमचा इकडेतिकडे झाला, तर एका वेळची आमटी बिघडते. काही ठिकाणी मात्र चूक चालत नाही, आणि म्हणूनच मी सुरुवातीला ती पावसाळी संध्याकाळ सांगितली.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तोलून तयार करवले आणि ते रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. असंख्य जीव वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पुढे बांगलादेशात घरोघरी जाऊन बायकांना शिकवले गेले ते मात्र ग्रॅममध्ये नव्हे. अर्धा लिटर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ. आपल्या सासूबाईंचीच मापे! पण ती चिमूट कशी धरायची, हे प्रत्येक घरी दाखवून, करवून आणि चाखवून घेतले होते. मोजण्याचे साधन कुठले, यापेक्षा ते सगळ्यांचे एक आहे की नाही, याला महत्त्व असते.

म्हणून पहिली पसंती नेहमी पाकिटाला द्या. पाकिटावर जितक्या पाण्यात मिसळा म्हटले असेल तितक्याच पाण्यात, पूर्ण पाकीट. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. पाकीट नसेलच, तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. पाजण्याआधी चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागले तर टाकून द्या. आणि मूल मलूल दिसत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

मुलांचे पातळ औषधही घरच्या चमच्याने देऊ नये. 'एक चमचा' म्हणजे पाच मिलिलिटर. माझ्या घरातला पोह्याचा चमचा वापरला, तर बाळाला दुप्पट औषध जाईल. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण किंवा पिचकारीच वापरा.

शेवटी घरातल्या मोठ्यांच्या रक्तदाबाविषयी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमचा, म्हणजे दिवसाचा वाटा पूर्ण चमचाही नाही. त्यातच लोणचे, पापड आणि आमचा लाडका सुका बांगडासुद्धा आला. हे कळल्यावर मी एक सोपी युक्ती केली. घरात मोठी माणसे चार, म्हणून सकाळी तीन सपाट चमचे मीठ एका वाटीत काढून ठेवायचे. दिवसभराच्या स्वयंपाकाला त्याच वाटीतून घ्यायचे, आणि पापड-लोणच्यासाठी रात्री थोडे उरलेच पाहिजे. पहिला आठवडा यजमानांनी कुरकूर केली. आता वाटीत थोडे जास्त उरलेले दिसले, की तेच कौतुकाने दाखवतात.

तेव्हा उद्या सकाळी चहा झाल्यावर एवढे करा. घरातले सगळे चमचे ओट्यावर मांडा, पाण्याने मोजा आणि एकाला लाल दोरा बांधा. मग कोणी 'चमचा कुठला' म्हणून विचारले, तर बोट दाखवून सांगता येईल.

चौकट : पाच मिलिलिटरच्या सपाट छोट्या चमच्यात साधारण किती?

पाणी – ५ ग्रॅम
बारीक मीठ – ६ ग्रॅम
साखर – ४ ग्रॅम
तेल – ४.५ ग्रॅम
मध – ७ ग्रॅम
खाण्याचा सोडा – ४.६ ग्रॅम
गव्हाचे पीठ – २.५ ग्रॅम
बेसन – २ ग्रॅम
रवा – ३.५ ग्रॅम
हळद – ३ ग्रॅम
लाल तिखट – २.७ ग्रॅम
धणे (अख्खे) – १.८ ग्रॅम
जिरे – २.१ ग्रॅम
बडीशेप – २ ग्रॅम
मोहरी – ३.३ ग्रॅम
मेथी – ३.७ ग्रॅम
मिरी (अख्खी) – २.९ ग्रॅम
खसखस – २.८ ग्रॅम

मोठ्या चमच्यासाठी तिप्पट करावे. दाण्याचा आकार आणि दळण यांप्रमाणे थोडा फरक पडेल, म्हणून आपल्या घरच्या जिनसांचे आकडे पाकिटावरून एकदा पडताळून घ्यावेत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)